घंटीवरची तिरकी रेघ

माझा फोन गप्प करून दिला तो माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्याला त्याच्याच दारात, त्याच्या सुनेदेखत जे बोललो ते का बोललो एवढं तरी कळेल. बरोबर बोललो असं माझं म्हणणं नाही. पण त्या गप्प फोनापायी माझ्या घरी यायची देवी माझ्या दारावरून पुढे गेली, आणि ती कोणी पुढे धाडली हे मला सगळ्यांत शेवटी कळलं.

सुरतेत मी एम्ब्रॉयडरीच्या डिझाइनचं पंचिंग करतो. कागदावरचं चित्र कॉम्प्युटरवर टाक्याटाक्याने मांडायचं, कुठे कुठली सुई चालेल ते ठरवायचं, आणि पेनड्राइव्हमध्ये घालून खाली मशीनवर द्यायचं. मशीनला ओळीने हेड असतात. एका हेडवर जे शिवलं जातं तेच त्याच वेळी सगळ्या हेडांवर शिवलं जातं. म्हणजे मी शहाणपणा केला तरी ओळीने, आणि माती खाल्ली तरी ओळीने.

त्या दिवशी मी एका कोयरीच्या पानाशी बसलो होतो. देठ संपलं होतं, आता पान हिरवं यायचं, म्हणून तिथे सुई बदलायची खूण टाकायची होती. नेमका फोन उजळला. एका पुतण्याचा वाढदिवस. भाऊबंदांच्या ग्रुपवर एकाने केक टाकला, दुसऱ्याने फुगे, तिसऱ्याने जोडलेले हात, चौथ्याने परत पहिल्याचाच केक. मागे राहायला नको म्हणून मीही एक केक टाकला. परत कॉम्प्युटरकडे वळलो तेव्हा खूण टाकून झाली असंच धरून चाललो. दुपारी खाली गेलो तर सगळ्या हेडांवर पानं लाल. देठ लाल, पान लाल, शिरासुद्धा लाल.

शेठ ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “मास्तर, तमारुं ध्यान क्यां छे?” आणि लाल पानाचा एक तुकडा कापून त्यांनी माझ्या खुर्चीमागच्या खिळ्याला टांगला. तो अजून तिथेच आहे. नवीन माणूस आला की मान वर करून विचारतो, ही डिझाइन कोणाची.

आता या ग्रुपची ओळख करून द्यायला हवी. सुरतेत आमच्या कुळाची सहा घरं. धुळ्याकडून एकेक करून आली. कोणी लूमवर लागलं, कोणी कापड मार्केटात, कोणी गवंडीकामाला. त्या सहा घरांतले कर्ते पुरुष आणि त्यांची मिसरूड फुटलेली पोरं मिळून एकोणीस जण या ग्रुपमध्ये आहोत. बायका नाहीत. का नाहीत हे कोणी ठरवलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं. सकाळी सहाला पहिला गुलाब पडतो. गुलाबामागे सुविचार, सुविचारामागे तोच सुविचार, दुसऱ्याने पाठवलेला. दुपारी हजीऱ्याकडे कुठे वाहतूक अडलीय त्याचा फोटो, संध्याकाळी कोणाच्या तरी दुचाकीची नवी सीट. हे झालं घरचं. बाहेरचे निराळेच. बातम्यांचं अॅप दर पाच मिनिटांनी जग बुडवायचं. जेवण आणून देणारं अॅप भर दुपारी लिहायचं, आम्हाला तुमची आठवण येतेय. माझ्या सख्ख्या मामाने मला असं कधी लिहिलेलं नाही.

माझा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. फोन कसा पाळायचा हे त्याच्याकडून शिकावं. त्याचं म्हणणं सरळ आहे: लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाचा फोन तेवढा वाजला पाहिजे, बाकीच्यांनी थांबायला काय हरकत आहे. पुढच्या रविवारी तो आमच्याकडे आला होता. मी त्याला लाल पानाची गोष्ट सांगत होतो आणि सांगतानाच फोन तीनदा टुणटुणला.

“आन तो फोन आठे,” तो म्हणाला. “कितला बोंबलस.”

मग तासभर त्याने माझ्या फोनची साफसफाई केली. बातम्या बंद. आठवण येणारे बंद. पावलं मोजणारा बंद. प्रत्येक वेळी तो मला विचारायचा, “हाऊ पाह्यजे का?” आणि मी नाही म्हणायचो, आणि नाही म्हणण्यात केवढं सुख आहे ते मला त्या तासाभरात कळलं. शेवटी ग्रुपवर आला. फोन विचारत होता, किती वेळ गप्प करू: आठ तास, एक आठवडा, की कायम. भावाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “कायमनं कर.” ग्रुपच्या नावापुढे एक छोटीशी घंटी उमटली आणि तिच्यावर तिरकी रेघ. वर त्याने तो ग्रुप उचलून मागच्या कप्प्यात टाकला, म्हणजे तोंडही दिसायला नको.

माझी बायको ओट्यापाशी गिलकी चिरत होती. ती हात पुसून आली आणि भावाच्या खांद्यावरून बघत उभी राहिली. म्हणाली, “इतलं सोपं ऱ्हास का हाई?” भावाने तिला परत एकदा करून दाखवलं. आम्ही दोघंही तिला हसलो.

त्यानंतरचे दिवस फार चांगले गेले. फोन वाजायचा तो तिघांचाच: शेठ, बायको आणि माझी लेक. लेक एकुलती एक, हजीऱ्याला एका कंपनीत नोकरीला आहे. तिची बस सकाळी साडेसहालाच निघते. माझं पंचिंग सुधारलं. टाके जागच्या जागी पडायला लागले. आणि माणसाला एखादी गोष्ट साधली की तो दुसऱ्याला शिकवायला निघतो, तसा मी निघालो. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, कोणाचाही फोन मागून घ्यायचो आणि त्याच्या घंट्या बंद करून द्यायचो. ज्याचं ऐकायचं नाही त्याचा आवाज बंद करायचा, यात अवघड ते काय, असं मी ऐटीत सांगायचो. लोकही माना डोलवायचे. सकाळी अंघोळ-पूजा होईपर्यंत माझा फोन स्वयंपाकघरात मिक्सरच्या शेजारी चार्जिंगला पडलेला असायचा, आणि अर्धा तास त्याच्याकडे बघावंसंही वाटत नसे. पूर्वी मी तो न्हाणीघरात न्यायचो, हे सांगायला लाज वाटते.

या सगळ्यात उन्हाळा गेला आणि आषाढ लागला, आणि मी देवीची वाट बघायला लागलो.

आम्हा खानदेशी माणसांचं श्रावणातलं मोठं काम म्हणजे कानबाई. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने, नवं वस्त्र. चौरंगावर केळीच्या खांबांत तिचं बसणं. रात्रभर बायकांची गाणी, आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर. तिच्या नावाने रोट होतात, जाड गोड पोळ्या, त्या फक्त कुळातल्यांनी खायच्या. सहा घरांत देवी फिरती आहे, दर वर्षी एका घरी. आमच्याकडे मागच्या खेपेला ती आली तेव्हा आम्ही लिंबायतला एका खोलीत राहत होतो. तेवढ्या खोलीत ती कशी मावणार, म्हणून शेवटी भावाच्याच घरी बसवली आणि नाव आमचं सांगितलं. भावाकडे तळमजला, पुढे अंगण. मी तेव्हाच मनाशी धरलं होतं की पुढच्या खेपेला देवी माझ्या स्वतःच्या घरात बसेल. मग पर्वत पाटियाच्या पुढे चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. फ्लॅट दाखवायला आलेल्या माणसाने खिडक्या दाखवल्या, नळ दाखवले. मी पूर्वेचा कोपरा बघत होतो. या वर्षी आमचा नंबर होता.

आमच्यात एक रीत आहे. ज्याचा नंबर असेल त्याने स्वतः तोंड उघडायचं नाही. भाऊबंद नारळ घेऊन त्याच्या घरी येतात आणि विचारतात, यंदा देवी तुमच्याकडे ना? मग त्याने हो म्हणायचं. देवीला मी बोलावली असं म्हणणं बरं दिसत नाही. ती आली असं म्हणायचं. म्हणून मी गप्प बसून तयारी करत होतो. पूर्वेची भिंत रंगवली. रंगारी बोलावला नाही, मीच स्टुलावर चढलो आणि बायकोने स्टूल धरलं. हळदी रंग तिनेच निवडून दिला. बारडोलीला एका सुताराकडे सागाचा चौरंग सांगितला होता, तो बसमधून मांडीवर घेऊन आलो. टीव्ही हलवून आतल्या खोलीत नेला. बायको सगळं बघत होती, पुसत होती, “आजून थोडं डावीकडे” म्हणत होती.

नागपंचमी जवळ आली तरी नारळ घेऊन कोणी आलं नाही. मला वाटलं, पाऊस, कामं, येतील. गुरुवारी कामावरून सुटलो तर चौकात एक चुलतभाऊ भेटला, हातात झेंडूची पिशवी. म्हणाला, “भाऊ, रविवारले लवकर ये बरं. धाकलानं घर भरी जाई.”

मी विचारलं, धाकल्याचं घर कशाला भरेल?

“देवी तठेच बसी ऱ्हायनी ना,” तो म्हणाला. म्हणजे देवी तिकडेच, माझ्या भावाकडे.

मी रिक्षा केली आणि थेट भावाच्या दारात उतरलो. अंगणात मांडवाचं कापड बांधणं चाललं होतं. सून पायरीवर गहू निवडत होती. मला बघून भाऊ हसत पुढे आला, आणि तो हसला याचाच मला सगळ्यांत जास्त राग आला.

“मना नंबर व्हता,” मी म्हटलं.

“व्हता ना. पन तूच हा म्हनेल शे, भाऊ. ग्रुपवर दख.”

“मी कव्हय म्हनं? तूच मना ग्रुप बंद करी ठेवेल शे, मी कसा सांगसू?”

तो म्हणाला, घरी जाऊन शांतपणे बघ. पण मला आता बघायचं नव्हतं. मला सगळं दिसत होतं. ज्याने माझे कान बंद केले, त्यानेच नंतर माझ्या बंद कानात विचारलं, की देवी मी घेऊ का. एवढी साफसफाई त्याने कशाला केली होती तेही मला कळलं. मी त्याला चोर म्हणालो. देवीचोर म्हणालो. बाप गेल्यावर मी त्याला सुरतेत आणलं, कामाला लावलं, तेही काढलं. सून सूप तिथेच ठेवून आत गेली. भाऊ मांडवाच्या कापडाची गाठ सोडून परत बांधत राहिला.

घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “जाऊ द्या ना. देवी कोठे बी बसो, आपलीच शे.” मी म्हटलं, त्याच्या घरी मी पाय ठेवणार नाही. ती म्हणाली, रोटाचं मोडता येत नाही, मी जाऊन येईन. आणि ती शनिवारी दळणाला गेली, रविवारीही गेली. पहिल्यांदाच कानबाईच्या दिवशी मी घरात एकटा होतो, हळदी भिंतीसमोर, रिकाम्या चौरंगाशेजारी.

एकटा म्हणजे लेक होती. रविवार, तिला सुट्टी. दुपारी जेवून मी तिला म्हटलं, माझ्या फोनमधला तो ग्रुप शोधून दे. मला पुरावा हवा होता. भावाचा मेसेज सहाही घरांत जाऊन दाखवायचा आणि म्हणायचं, बघा, बंद दाराशी उभं राहून याने मला हाक मारली. लेकीने मागच्या कप्प्यातून ग्रुप काढला आणि गुलाबांवरून, सुविचारांवरून, केकांवरून वर वर जात राहिली. एका ठिकाणी तिचं बोट थांबलं.

भावाने आषाढात लिहिलं होतं, यंदा भाऊचा नंबर, नारळ घेऊन कधी यायचं ते भाऊने सांगावं. आणि त्याखाली, दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, उत्तर होतं: यंदा आमच्याकडे जमणार नाही, धाकल्याकडेच बसवा. पुढे जोडलेले हात. त्याखाली भावाने विचारलं होतं, नक्की ना भाऊ? आणि त्याला अंगठा. बाकीच्यांनीही अंगठे दिले होते, एकाखाली एक.

“पप्पा,” लेक म्हणाली, “आ तो तमारा ज नंबरथी छे.”

माझ्याच नंबरावरून, सकाळी सात दहा. त्या वेळी मी अंघोळीला असतो. लेकीची बस गेलेली असते. फोन मिक्सरच्या शेजारी असतो. मी लेकीकडे पाहिलं नाही आणि तिनेही माझ्याकडे पाहिलं नाही. तिने फोन हळूच चौरंगावर ठेवला आणि आतल्या खोलीत निघून गेली.

मी तारखा जुळवत बसलो. तो मेसेज गेल्यानंतर आठ दिवसांनी मी भिंत रंगवली होती. तेव्हा तिने स्टूल धरलं होतं. पंधरा दिवसांनी चौरंग आणला. तिने त्याला फडकं मारलं, पाय डुगडुगतो का बघितलं. टीव्ही हलवताना डावीकडे म्हणाली. देवी येणार नाही हे या घरात तिलाच ठाऊक होतं, आणि मला हळदी रंग निवडून देत होती. भावाचा राग सोपा होता. तो घेऊन रिक्षात बसता येतं, दारात ओरडता येतं. हा राग घेऊन मी कुठे जाणार होतो? अठ्ठावीस वर्षांचा संसार, आणि माझ्या नावाने, माझ्या फोनवरून, मी अंगाला साबण लावत असताना.

सोमवारी मी कामावर गेलो नाही. देवी नदीवर पोचवून बायको दुपारी आली, कपाळभर कुंकू, पायाला चिखल. प्रसादाचा डबा ओट्यावर ठेवला. चौरंगावर फोन होता, ग्रुप उघडा. तिने तो पाहिला आणि पाय धुवायला गेली. परत येऊन माझ्यासमोर खाली बसली.

“मीच लिखं,” ती म्हणाली.

“कसाले?”

“मनाघाई नही व्हतं.”

तिच्याने होणारं नव्हतं. मला वाटलं, गुडघ्यांचं म्हणतेय. साठ-सत्तर माणसांचं पुरण, रात्रीचं जागरण. मी म्हटलं, बाई लावली असती, आचारी सांगितला असता. ती मान हलवत राहिली. मग तिने मला जे सांगितलं ते अठ्ठावीस वर्षं माझ्या शेजारच्या खोलीत घडत होतं.

रोटांचं दळण काढताना कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात पडतात. हे मला माहीत होतं, ऐकून. आम्ही पुरुष तेव्हा बाहेर माळा लावत असतो, भोंग्याच्या वायरीवरून भांडत असतो. आत बायका सुपाभोवती बसतात. जिच्या घरी देवी, तिने मूठ भरायची आणि मोठ्याने नाव घ्यायचं. सुरुवात थोरल्या घरापासून, म्हणजे माझ्यापासून. माझं नाव, सव्वा मूठ. मग मुलग्यांची नावं यायची. आमच्या घराला पुढचं नाव नाही.

“तुमनं नाव लेतस,” ती म्हणाली, “आनि बठ्ठ्या थांबतस.”

सगळ्याच थांबतात. कोणी टोमणा मारत नाही. कोणी मुद्दाम करत नाही. पण सवयीने हात थांबतो, डोळे सुपावर राहतात, आणखी एखादं नाव यायचं असावं तसं. मग कोणीतरी खाकरतं आणि पुढच्या घराचं नाव येतं. धाकल्याकडे चार मुठी, त्यात नातवाची छोटी. ती घालताना हसू होतं. दर वर्षी ती एवढा वेळ सुपाकडे बघत बसते. आणि या वर्षी ते सूप पहिल्यांदाच तिच्या मांडीवर येणार होतं. माझ्या नावानंतर थांबायचं की नाही, हे तिच्या हाताला ठरवावं लागणार होतं, हळदी भिंतीसमोर, आतल्या खोलीत लेक असताना.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलं?

“सांगेल व्हतं.”

पोर दोन वर्षांची असताना, लिंबायतच्या खोलीत, दळणावरून आल्या रात्री तिने मला सांगितलं होतं म्हणे. मला आठवत नव्हतं. मी काय म्हणालो तेही तिनेच सांगितलं. “तुमीच सांगं, तितला येळ कान बंद ठेवाना. त्यात काय इतलं.”

मी असं म्हणालो असेन. मला माझा आवाज ओळखू येतो. टपरीवर मी तेच सांगत होतो, फक्त फोन हातात घेऊन.

हे ऐकून माझा राग गेला असं लिहिलं तर बरं दिसेल, पण तो गेला नाही. अजूनही सकाळी साबण लावताना माझे कान स्वयंपाकघराकडे असतात. तिने मला विचारायला हवं होतं, भांडायला हवं होतं, रंगाचा डबा माझ्या हातातून काढून घ्यायला हवा होता. तिने माझ्या नावाने नाही म्हटलं आणि माझ्यासोबत भिंत रंगवली. हे मी तिला बोललोही. ती म्हणाली, देवीला नको कसं म्हणायचं, तोंडातून निघत नव्हतं; फोनवर निघालं.

भावाकडे मी दुसऱ्या आठवड्यात गेलो. खरं काय ते सांगितलं नाही. म्हटलं, माझाच हात चुकून लागला असेल, मला काही आठवत नाही. चुकून लागलेला हात एवढं नीट लिहीत नाही, हे लिफ्टवाल्याला कळणार नाही असं नाही. “व्हस आसं,” तो म्हणाला, आणि सुनेला चहा टाकायला सांगितला. सूनबाईंनी चहा पायरीवर ठेवला, माझ्या हातात दिला नाही.

मग गेल्या महिन्यात मी बायकोला म्हटलं, यंदा हुकलेला नंबर आपण मागून घेऊ, पुढच्या वर्षी देवी आपल्याकडे. आणि माझ्या नावानंतर पोरीचं नाव घ्यायचं, मोठ्याने, सव्वा मूठ. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, “देवीले चालस. तुमना भाऊबंदले इचारा.”

मी अंघोळीला जायच्या आधी, मिक्सरच्या शेजारी उभा राहून, मागच्या कप्प्यातून ग्रुप बाहेर काढला. घंटीवरची तिरकी रेघ पुसली. आवाज पूर्ण वाढवला. आणि रीत मोडून स्वतःच लिहिलं: पुढच्या वर्षी देवी आमच्याकडे. दळणाला माझ्या लेकीच्या नावाचीही मूठ पडेल. सर्वांनी कळवावं. बायकोला वाचून दाखवलं. तिने पिठाचा हात पदराला पुसला, फोन स्वतःच्या हातात घेतला, परत एकदा वाचला आणि मला दिला. पाठवायचं बटण मीच दाबलं.

मेसेजवर बोट दाबून धरलं की कोणी कोणी वाचलं ते दिसतं. हेही भावानेच शिकवलंय. संध्याकाळपर्यंत अठराच्या अठरा जणांनी वाचलं होतं. सगळ्यांत आधी भावाने. दिवसाला दोनशे मेसेज टाकणारा ग्रुप त्या दिवशी एकदाही वाजला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला वाजला. मी पलंगावरून उठून गेलो. तेव्हापासून रोज वाजतोय, पूर्वीसारखा, सकाळपासून रात्रीपर्यंत, आणि मी एकही घंटी बंद केलेली नाही. कामावर असताना वाजतो तेव्हा शेठ माझ्या खुर्चीमागच्या लाल पानाकडे बघतात. घरी वाजतो तेव्हा ओट्यापाशी तिचे हात थांबतात.

“काय लिखेल शे?” ती विचारते.

“गुलाब,” मी सांगतो.